तिसऱ्यांदा केलेलं स्वागत

आमच्या पाटोद्याकडं लग्न असो की दहावा, माईक माझ्याच हातात. कागद न घेता पाहुण्यांची नावं, गावं, पदं मी घडाघडा म्हणायचो. कुणी यादी पुढं केलीच, तर तिनं वारा घ्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी एका माजी सरपंचांचं स्वागत केलं. थोड्या वेळानं परत केलं. अक्षता पडायच्या आत तिसऱ्यांदा, आणि दरवेळी त्याच उमाळ्यानं. बिचारे प्रत्येक वेळी उठून हात जोडत होते. त्यांचे विरोधकही मांडवात होते. त्या विरोधकांचं नाव मी एकदाही घेतलं नाही. ते न जेवताच गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निकाल लागलेला होता.

"फुटला बे तू," माझा शाळेपासूनचा मित्र म्हणाला. "आन् आमाला पत्ता न्हाई!"

मी मान खाली घालून गालात हसलो, मुरलेल्या पुढाऱ्यासारखा. आमच्याकडं माणूस विसरतो यावर कुणाचा विश्वास नाही; फुटतो यावर सगळ्यांचा. मलाही ते सोयीचं होतं. माझे वडील पंचावन्नीतच स्वतःच्या रानाची वाट विसरले, पुढं आत्याचंही तेच झालं, आणि माझी पंचावन्नी उंबऱ्यात उभी होती. त्यापेक्षा गद्दार बरा.

लेकीला मात्र ते पटलं नाही. ती मांडवातच होती. "आण्णा, तुमाला धड भाजी बदलून मागता येत न्हाई. पार्टी काय बदलताल?" म्हणाली, आणि मला संभाजीनगरला डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले. आठवणी सांभाळणारा भाग वयाच्या मानानं जरा आक्रसला होता.

"तरीच डोकं हलकं वाटतं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

एवढ्यावरून आजार ठरत नाही, ते म्हणाले. पण घराण्यातलं बघता रक्ताची जनुकीय तपासणी करता येईल. दोष निघाला तर कधी नुसता धोका वाढतो, कधी आजार जवळजवळ ठरलेलाच असतो.

"करून टाका!" मी माईकवरच्या आवाजात म्हणालो.

"थांबा आण्णा," लेक म्हणाली. "तुमच्यात निघालं तर माझ्यात बी असू शकतंय. मला इचारलं का?"

विचारलं नव्हतं. घरून निघाल्यापासून मी माझ्या एकट्याच्याच डोक्याचं दुःख करत बसलो होतो.

"तुला कळायला पाहिजे का?"

तिनं मेंदूचे फोटो पाकिटात घातले. मग म्हणाली, "आज न्हाई."

डॉक्टर म्हणाले, घाई नाही. शुगर, बीपी, झोप, चालणं, एवढं आजपासून सुरू करा. तपासणी नंतरही होईल.

जिन्यात मी विचारलं, "मग कवा सांगशील?"

"मला वाटंल तवा. सारखं इचारू नका."

जिना उतरेपर्यंत मी आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिनं माझा हात धरला.