'खाली' लिहिलेला डबा

गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात आईला खुर्चीवर बसवून घराबाहेर काढलं होतं. खुर्ची प्लास्टिकची, उचलणारे चौघे, पाणी गुडघ्याच्या वर. आईच्या अंगावर गाऊन आणि मांडीवर हातपिशवी होती. हिंदी मुलखातल्या गढा या वस्तीत आमचं घर आहे, त्याच्यामागून नाला जातो. मोठ्या पावसात तो पुढच्या दाराने आत येतो.

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात डेस्कवर होते. संध्याकाळी त्या प्रसंगाचा फोटो माझ्यापुढे आला. मी तो थांबवला नाही. खालची ओळ मीच लिहिली: 'गढ़ा में घर में फँसी वृद्धा को सुरक्षित निकाला गया.'

दुसऱ्या दिवशी आईने पेपर वाचला.

"वृद्धा कोण?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. "आणि फँसी काहून? मी माझ्या घरात होती."

भाऊ पुण्याला असतो. त्याने फोनवर अट घातली. आणखी एक पावसाळा बघू. पुन्हा असं बाहेर काढायची वेळ आली तर घराला कुलूप, आणि आईने पुण्याला यायचं, कायमचं. आई "बरं" म्हणाली. तिने इतक्या सहज मान्य केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "नाला आला तर नाल्यानं परत जावं. मी काहून जाऊ?"

पुढच्या मे महिन्यात तिने तयारी सुरू केली. ती चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. यादी करण्याआधी तिने हिशेब मांडला. माणसं दोन, दिवस तीन. रंगकामानंतर उरलेले वीस लिटरचे दोन डबे तिने राखेने घासले. एकात कोरडा पेपर टाकला, झाकण ठोकून बसवलं, डबा अंगणातल्या टाक्यात बुडवून वर पाटा ठेवला. तासाभराने उघडला. पेपर कोरडा होता.

"तुमचा पेपर कशाच्या तरी कामी आला," ती म्हणाली.

आमच्या वरच्या मजल्यावर बारा वर्षांपासून एक टेलर भाडेकरू आहेत. पाणी आलं की आईने त्यांच्या खोलीत जायचं, एवढीच योजना. म्हणून एक डबा जूनमध्येच वर पाठवला: घराची कागदपत्रं, शाली, दोन पातळं, मेणबत्त्या, सातूचं पीठ, गूळ, चिवडा. दुसरा जिन्यापाशी राहिला, कारण त्यातल्या गोष्टी बदलत्या होत्या: बीपी आणि शुगरच्या गोळ्या, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, शिट्टी. पाणी दर रविवारी बदलायचं. निघताना शेवटी हा डबा सोबत घ्यायचा. दोन्ही डबे सारखेच दिसत होते, म्हणून आईने लाल रंगाने पहिल्यावर 'वर' लिहिलं आणि दुसऱ्यावर 'खाली'.

टेलरभैयांनी पहिला डबा खोलीत ठेवून घेतला आणि जिन्यातून हाक मारली, "अम्माजी, वर तो आ गया, बारात कब आएगी?"

हिंदीत वर म्हणजे नवरदेव. आम्ही खूप हसलो. दुसऱ्या डब्यावरच्या शब्दाकडे कोणी पाहिलं नाही. शब्द तपासणं हे माझं काम होतं.

ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच मी मदन महलमधल्या माझ्या घरून आईकडे गेले. दुपारी दोनच्या सुमारास पाणी उंबऱ्यावर आलं. आईने स्वतः मेन स्विच खाली ओढला, गॅस बंद केला. मग आम्ही जिना चढू लागलो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची. मी तिच्या मागे होते. टेलरभैया खालून गाद्या आणून देत होते.

वळणावर थांबून आईने विचारलं, "भैया, खाली?"

"हाँ अम्माजी, खाली."

दोघांचंही समाधान झालं.

चार वाजता गोळीची वेळ झाली. आईने डबा मागितला. खोलीत एकच डबा होता, 'वर' लिहिलेला.

"भैया, दूसरा डिब्बा?"

"वो तो खाली था न? आपने खुद लिखा है. खाली डिब्बा ऊपर लाके क्या करते?" हिंदीत खाली म्हणजे रिकामा.

खाली पाणी मांडीपर्यंत चढलं होतं. तेवढ्यात भावाचा फोन आला. मी खरं ते सांगितलं.

"मदत पथकाला फोन कर," तो म्हणाला. "आत्ता. बस झालं आता."

नंबर माझ्याकडे तयार होता. तो लावला असता तर लोक आले असते, आईला उचललं असतं, आणि आठवड्याभरात ती पुण्याच्या गाडीत असती. तिला हे माझ्याआधी कळलं.

"काय करून राहिली तू? ठेव तो फोन," ती म्हणाली. "झाकण मी तपासलंय."

टेलरभैया लुंगी खोचून, कठडा धरून खाली उतरले. आम्ही ऐकत होतो. आधी पाण्याचा आवाज, मग काही नाही, मग त्यांचं हसणं. डबा वाहून गेला नव्हता. तो तरंगत स्वयंपाकघराच्या दाराला धडका देत होता. वर आणून उघडला. गोळ्यांची पाकिटं कोरडी होती. आईने त्यातलीच बाटली उघडून गोळी घेतली, पंचवीस मिनिटं उशिरा. मग फोन मागून घेतला.

"हे नशीब आहे, आई," भाऊ म्हणाला.

"झाकण आहे. तुझ्या बाराव्या मजल्यावर लाइट गेली की लिफ्ट बंद. मग मला खुर्चीवर कोण उतरवणार?"

मग भाऊ म्हणाला, "निदान ते लेबल तरी बदल."

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरलं. आई स्वतःच्या पायांनी खाली आली. भिंतीवर गाळाची रेघ होती, ती तिने खराट्याने घासून काढली. मी मार्कर पुढे केला. 'नीचे' लिही म्हटलं. वाचणाऱ्याला चुकवणारा शब्द ठेवायचा नसतो, हा नियमही सांगितला.

"वाचणाऱ्यानं शिकावं," ती म्हणाली. "या घरात चार पिढ्या खाली म्हणजे खालीच." आणि जिन्याकडे वळून, "भैया, बारह साल से ऊपर रहते हो, एक शब्द तो सीखो."

लाल रंग आणून तिने तोच शब्द पुन्हा गिरवला, पहिल्यापेक्षा जाड.

यंदाचा पावसाळा सुरू झाला आहे. घराला कुलूप नाही. प्लास्टिकची खुर्ची गच्चीवर आहे. तिच्यावर उन्हाच्या दिवसांत पापड वाळत होते. दर रविवारी टेलरभैया वरून विचारतात, "अम्माजी, खाली भरा है?"

"खाली भरला आहे," आई खालून सांगते.