पगडी उतरवायची कोणी

पुसदच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. मध्ययुगातल्या एका इंग्लिश राजाच्या धाकट्या मुलाची गोष्ट मी दरवर्षी सांगतो, अभ्यासक्रमात नसली तरी. बाप गेला तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा. सावत्र थोरला भाऊ राजा झाला. पुढे त्या भावाला गादीवरून ओढलं, कैदेत टाकलं, मेला म्हणून जाहीर केलं. मग कोणीतरी धाकट्याच्या कानात सांगितलं, तुझा भाऊ जिवंत आहे. हा वेडा त्याला सोडवायला निघाला आणि अलगद सापडला. मृत्युदंड झाला. किल्ल्याच्या दारात दिवसभर उभा होता, पण राजाच्या मुलावर कुऱ्हाड चालवायला कोणी पुढे येईना. जल्लादानेही अंग काढून घेतलं. शेवटी संध्याकाळी एक कैदी माफीच्या बदल्यात तयार झाला. इथे वर्ग हमखास हसतो. मीही हसायचो.

मीसुद्धा धाकटाच. बाप आमच्या बंजारा तांड्याचा नायक होता. तो गेला तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. पगडी थोरल्या भावाच्या डोक्यावर आली आणि मी त्याच्या खांद्यावर. त्याने मला शिकवलं, माझं लग्न लावलं, तांड्याचे तंटे मिटवले. त्याच्या शब्दापुढे कोणी गेलं नाही.

गेल्या वर्षापासून त्याला विसर पडायला लागला. सकाळी दिलेला निवाडा दुपारी फिरवायचा. एका भांडणात तर त्याने मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावलं. लोकांनी सांभाळून घेतलं. पण त्याच्या उलटसुलट निवाड्यावरून दोन घरांत काठ्या निघाल्या, तेव्हा पंचांनी ठरवलं की पगडी आता त्याच्या मुलाला द्यायची. अडचण एकच होती. आमच्यात नायक मेल्यावरच पगडी पुढे जाते. जिवंत माणसाच्या डोक्यावरून ती काढणं म्हणजे भर तांड्यात त्याची अब्रू काढणं. नेमकं त्याच क्षणी त्याला सगळं उमगलं तर? ही भीती मला खात होती.

रविवारी देवळासमोर बैठक बसली. शेजारच्या गावचे चार जण आले होते, म्हणून आमची गोरबोली सोडून बोलणं वऱ्हाडीत चाललं. भाऊ मधोमध खाटेवर.

कारभारी म्हणाला, "मी नाही हात लावत. यानंच मले कारभारी केलं."

पुतण्याने मान वरच केली नाही. "बापाच्या डोक्याची मी कशी काढू?"

चहा झाला, पुन्हा चहा झाला. ऊन देवळामागे गेलं. भाऊ एकेकाला विचारत होता, "काहून जमले रे सारे?" जो तो कपात पाहत बसला. मला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ती गोष्ट हसून सांगितली, आणि त्या दारात उभ्या असलेल्या बाकीच्यांचं काय झालं असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

शेवटी मी उठलो.

"भिया," मी भावाला आमच्या बोलीतली हाक मारली, "पगडी सैल झाली तुझी. दे, नीट करून देतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आपणहून डोकं माझ्यापुढे वाकवलं.

"पोराचं डोकं लहान हाये," तो हळूच म्हणाला. "त्याले घट्ट बांधजो."