मीच आर्गिरिस

थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही ग्रीक बेटावरची रीत मोडायची कुणाची छाती नाही. त्यामुळे मावरिकोसांच्या घरात जितके भाऊ, तितक्यांचे थोरले मुलगे आर्गिरिस. वडिलांच्या नावावरून ते वेगळे ओळखायचे म्हणतात, पण घाईगर्दीत वडिलांचं नाव विचारतंय कोण?

इस्पितळाच्या रक्तपेढीत काम करणाऱ्या फोतिनीचा थोरला भाऊ त्यातच गेला. ऑलिव्हच्या झाडावरून पडून तो वॉर्डात आला होता. शेजारच्या खाटेवर चुलतभाऊ आर्गिरिस, जन्मापासून थॅलेसेमियाचा, सारखं रक्त लागणारा. नर्सने पिशवी हातात घेऊन विचारलं, "आर्गिरिस मावरिकोस?" भाऊ म्हणाला, "मीच." खोटं थोडंच बोलला तो! चुलतभावासाठी आणलेलं, भलत्या गटाचं रक्त त्याच्या अंगात गेलं.

गल्लीच्या तोंडाशी शीळ घालत घरी यायची त्याची सवय होती. फोतिनी आता साठीला टेकली, तरी संध्याकाळी तिचे कान गल्लीकडे लागतातच.

धाकट्या भावाने दुसऱ्या मुलाचं नाव आर्गिरिस ठेवलं तेव्हा ती कडाडली होती, "जगात दुसरी नावं संपली का?"

"अगं, दादाच्या नावाने हाक मारायला घरात कुणीतरी नको का?" तो म्हणाला.

तोच भाचा परवा मोटारसायकलवरून पडला. बरंच रक्त गेलं होतं. दुपारी फोतिनी त्याच्यासाठी कुलुरी, तिळाचे गोल पाव, घेऊन वर वॉर्डात गेली, तर पलीकडच्या खाटेवर तोच चुलतभाऊ रक्त घ्यायला आलेला, तोंड उघडं टाकून घोरत होता. तेवढ्यात रोडांथी नावाची तरुण नर्स पिशवी घेऊन आली.

"आर्गिरिस मावरिकोस?"

"मीच," भाचा म्हणाला.

फोतिनी पिशवी अडवायला धावली, पण तोवर रोडांथीने हातातलं बारकोड वाचणारं यंत्र आधी पिशवीवर आणि मग भाच्याच्या मनगटावरच्या पट्टीवर धरलं. यंत्र कर्कश वाजलं आणि लाल झालं. पिशवी या पेशंटची नव्हती.

रोडांथीचा चेहरा पांढराफटक पडला. आवाजाने चुलतभाऊ जागा झाला. "काय रे चोरा, माझं रक्त पळवतोस होय?"

"काका, तुमचं म्हातारं रक्त कोण घेतंय!" भाचा म्हणाला, आणि दोघं खो खो हसले.

फोतिनी मात्र खाटेच्या कडेला बसून राहिली. एवढंसं यंत्र, एवढासा आवाज! तेव्हा का नव्हतं हे? दादा आज म्हातारा झाला असता, खोकत असता, भांडला असता तिच्याशी. तिला तो फार फार हवा होता.

"मावशी, पाणी देऊ?" रोडांथीने विचारलं.

"नको. ते पुन्हा एकदा वाजव."

"अहो, पण पिशवी चुकीची आहे."

"माहीत आहे गं. वाजव."

रोडांथीने यंत्र पुन्हा भाच्याच्या मनगटाला लावलं. फोतिनी डोळे मिटून, कानात प्राण आणून ऐकत राहिली.