माद्यांच्या भरलेल्या बाटल्या

आमच्या केंटकीतल्या प्रयोगशाळेत उंदरांचं सगळं ऑर्फा बघायची. रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्यातल्या बाटलीचं वजन करायची, कोण किती प्यालं ते लिहायची. मी पिंजरे धुवायचे. अठरा वर्षं आमच्याकडे सगळे नरच. माद्यांच्या अंगात माजाचं चक्र दर चार दिवसांनी फिरतं, आकडे बिघडतात, असं वरची शहाणी माणसं सांगत. यांचे आकडे सरळ राहावेत म्हणून बाईजातच हद्दपार! मला तेव्हाही राग यायचा.

ऑर्फाची दोन्ही मुलं दुखणं थांबवणाऱ्या, अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या व्यसनात अडकली. डेलची खाणीत पाठ मोडली होती, लिनेटचं बाळंतपणात पोट फाडावं लागलं होतं. दोघांनी एकाच दिवशी गोळ्या सोडल्या. तीन महिन्यांत डेल हसूखेळू लागला, मासे धरायला जाऊ लागला. लिनेट मात्र सोफ्यावर बसून. तिच्या वाढदिवसाला ऑर्फाने ब्लॅकबेरीचा केक केला, लिनेटने चमचासुद्धा लावला नाही.

"गोडच लागत नाही गं आई. काहीच लागत नाही."

"नुसती थेरं! भावाकडून शीक जरा."

पुढच्या महिन्यात लिनेटने पुन्हा गोळ्या घेतल्या. त्यातच ती वारली.

दोन वर्षांनी एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी माद्या आणवल्या. नर-माद्या दोघांनाही अफूच्या जातीचं औषध दिलं, मग बंद केलं. काही आठवड्यांनी साखरेचं पाणी ठेवलं. नरांच्या बाटल्या सकाळी रिकाम्या, माद्यांच्या काठोकाठ. बाटल्यांच्या नळ्या तुंबल्या असतील, असं ऑर्फाला वाटलं. बोट लावून पाहिलं तर थेंब नीट येत होता. तरी तिने तीनदा नळ्या बदलल्या.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "ऑर्फाबाई, नळ्यांना काही झालेलं नाही. गोडाची ओढ लावणारं डोपामीन असतं ना मेंदूत, ते औषध सोडल्यावर पडतं; नरांचं परत वर आलंय, माद्यांचं अजून नाही. माणसांतही असंच होतं का, ते आत्ताच नाही सांगता येणार."

ऑर्फाने हातातली बाटली खाली ठेवली. मी तिला स्टुलावर बसवलं.

"लिनेटचं तुला कसं कळणार होतं गं?" मी म्हटलं.

"उंदरांसाठी तीनदा नळी बदलली मी," ती म्हणाली. "पोरीला एकदाही विचारलं नाही, काय होतंय तुला."