पाखरीवर न बसलेलं माणूस

उमापुरातल्या बाप्याला लग्न कधी झालं म्हणून विचारलं, तर तो साल सांगत नसे. घोडी सांगत असे. 'पाखरी नवी होती तवा.' 'पाखरीनं पाटलाच्या मंडपाचं तोरण खाल्लं, त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यात.' निजाम सरकारचं फसली साल गेवराईच्या कचेरीत चालायचं. गावात पाखरी चालायची.

पाखरी ही छबुबाईची घोडी. रंगानं पांढरी, म्हणजे लग्नसराईपुरती, एरवी मळकी. लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, तो परण्या उमापुरात पाखरीवाचून निघत नसे. छबुबाईच्या नवऱ्यानं, शहादेवनं, ती शिंगरू असताना माळेगावच्या जत्रेतून आणली आणि शिकवलीही त्यानंच. हलगी सुरू झाली की दगडासारखं उभं राहायचं. वर बसलेला नवरदेव घाबरून मानेवर आडवा झाला तरी हलायचं नाही. पाटलाच्या बंदुकीचा बार झाला की डुलत चालू लागायचं. शिक्षण एवढंच, पण वर बसणाऱ्यांपैकी पुष्कळांपेक्षा ते जास्त होतं.

मग मानमोडीची साथ आली आणि शहादेव गेला. गावापुढं पेच पडला. पाखरी छबुबाईखेरीज कुणाच्या हाताला येईना, आणि छबुबाई तर आता विधवा. तिनं परण्याच्या पुढं चालायचं कसं? चावडीवर बैठक बसली. चिलीम दोनदा फिरल्यावर म्हाताऱ्या मुंजाजीनं निकाल दिला.

"लगाम घोडीच्या तोंडात. बाई दोरीच्या ह्या टोकाला. मधी चार हात दोरी हाय. अपशकुन काय दोरीवरून चालत जातो व्हय?"

सगळ्यांना पटलं. पटवून घ्यायची घाईच होती. दोन दिवसांवर एक लग्न आलं होतं.

तेव्हापासून छबुबाई चार हात दोरी राखून गावातल्या प्रत्येक नवरदेवाच्या पुढं चालली. नवरदेव डळमळला की मागं न बघता म्हणायची, "सरळ बस रं, पोरगी बघायलीय." तिला पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, विचारायलाही कुणी कुणी आले. ती म्हणायची, "घोडीला इचारा. तिला पसंत पडला तर माझी ना न्हाई." पाखरीनं दोघांना कडकडून चावल्यावर तो विषय गावानं बंद केला.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात, लग्नसराई उरकत आली असताना, ओढ्यावरून परत येताना पाखरीचा पाय काळ्या रानातल्या भेगेत अडकला. पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला. बाप्यांनी घोंगड्यांची झोळी करून तिला छबुबाईच्या दारात, लिंबाखाली आणून ठेवलं आणि गेवराईला सलोत्र्याकडं गाडी पाठवली. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. दुसऱ्या दिवशी सकाळी करीमोद्दीन सलोत्री आला. म्हातारा माणूस, पाय बघितला, दाढीवरून हात फिरवला.

"बाई, हड्डीचा चुरा झालाय. हे जुडायचं न्हाई. आता रस्ते दोनच. एक तर असंच पडू द्या, तडफडत जाईल. न्हाई तर गोळी."

छबुबाईनं पदर सारखा केला. "तडफडू द्यायची न्हाई. पर जे करायचं ते हितं, माझ्या दारात. आन माझा हात तिच्या मानेवर असताना. गावाभाईर वढत नेलेलं मला चालायचं न्हाई."

"मग आत्ताच करा. उन्ह चढलं की माश्या सोडणार न्हाईत."

"तुमीच करा की, सलोत्रीसाब," कुणीतरी म्हणालं.

"मी दवावाला माणूस. हात बघा कसे कापतात. माझ्या हाती बंदूक दिली तर घोडी वाचंल आन तुमच्यातला एखादा जाईल."

लोक दोन पावलं मागं सरले.

गावात बंदूक एकच, मोहनराव पाटलाची, ठासणीची. त्या बंदुकीनं मोहनरावांनी लांडगा मारल्याची गोष्ट गावाला पाठ होती. मोहनराव आले ते बंदूक खांद्यावर टाकूनच आले. पाखरीनं बंदूक बघितली. तिचे कान उभे राहिले, नाकपुड्या फुलल्या, आणि मोडक्या पायावर भार देऊन ती उठायला लागली. तिच्या हिशेबानं परण्या निघायची वेळ झाली होती.

"बस, बाई, बस," छबुबाईनं तिची मान दाबून धरली. "न्हाई निघायचं आज."

मोहनरावांची नळी खाली गेली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. हिच्यावर बसून मी नवरदेव झालो."

"मालक, मग त्याचाच वचपा काढा की!" रामकिसन म्हणाला. हा मोहनरावांच्याच वयाचा, त्याच उन्हाळ्यात लग्न झालेला.

ओट्यावर बायका उभ्या होत्या. त्यांतून मोहनरावांची बायको सरस्वतीबाई म्हणाली, "रामकिसनभावजी, तुमच्या घरच्यांना बोलावू का? त्यांचा बी वचपा राहिलाय."

बाप्ये हसले, आणि हसता हसताच बंदूक रामकिसनच्या हातात दिली. त्यानं ती धरली, पाखरीकडं बघितलं आणि परत केली. "मला हिनं परण्यात पाडलं होतं. पर पडल्यावर थांबली बी हीच. बाकी समदे वाजवत म्होरं गेलते."

मग बंदूक हातोहात फिरली. चिलमीसारखी फिरली म्हणावं, तर चिलीम प्रत्येकजण निदान ओढतो तरी. ज्या घोडीवर नवरदेव म्हणून बसलो तिला गोळी घालायची नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण बंदूक फिरता फिरता तो गावाचा कायदा होऊन बसला. आता पाखरीवर न बसलेलं माणूस पाहिजे. पाखरीच्या आधी लग्नं झालेल्या म्हाताऱ्यांना बंदूक पेलत नव्हती, आणि पोरासोरांच्या हाती ती द्यायची नव्हती.

"आश्रुबाला द्या!" कुणीतरी ओरडलं. "त्याचं कुठं लगीन झालंय?"

सगळ्या माना वळल्या. आश्रुबा चाळिशी ओलांडलेला, घरचा बरा, पण कुठं जमलं नाही ते नाहीच.

"कावून? मी बसलो न्हाई म्हून?" आश्रुबा भडकला. "ही कुठली तऱ्हा, बे? तुमी बसून मोकळे, आन मी मारून मोकळा?"

"तुझ्यासारखा दुसरा हाय का गावात?"

"म्हून तर! माझ्या लग्नाची वाट बघणारं गावात हे एकच जनावर उरलंय. मायनं बी सोडली आशा."

मग चकलांब्याला माणूस धाडून एखादा बिनलग्नाचा आणावा अशी सूचना आली. चकलांब्याचे नवरदेवही पाखरीवरच बसतात, असं दुसऱ्यानं सांगितलं. मांजरसुंब्याला पाव्हणे आहेत, तिथं पाखरी कधी गेली नाही, असं तिसरा म्हणाला. तिथवर जायला कुणाची गाडी, कुणाचे बैल, इथपर्यंत बोलणं गेलं. पाखरीच्या पायावर माश्या बसायला लागल्या होत्या. छबुबाई एका हातानं त्या वारत होती.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. बाप्यांकडं तिनं बघितलंच नाही. "पाटलीणबाई, तुमी या."

अर्धं गाव पाखरीवर कधीच बसलेलं नव्हतं, हे उमापूरच्या ध्यानात तेव्हा आलं. ते अर्धं गाव सकाळपासून ओट्यावर उभं होतं.

"ही?" मोहनराव म्हणाले. "हिला काय बंदुकीतलं—"

"रानडुकरं आली की रानातल्या माळ्यावर बंदूक ठासून कोण देतं?" सरस्वतीबाई पायरी उतरली. "आन तुमचा डोळा लागला की झाडतं कोण?"

लांडग्याच्या गोष्टीचा गावानं तिथंच, मनातल्या मनात, फेरविचार केला. मोहनरावांनी बंदूक दिली.

सरस्वतीबाईनं पदर खोचला. "चकलांब्याहून मला ह्या गावात हिनंच आणलं. म्होरं हे हिच्यावर, मागं गाडीत मी. सारी वाट हिची शेपटीच बघत आलते. द्या."

"मागून या," छबुबाई म्हणाली. "बंदूक दिसली की उठंल ती." आणि हाक मारली, "म्हाळू, हलगी."

हलगीवाला म्हाळू कडेला बसला होता. त्यानं चार काटक्या पेटवून हलगी शेकली, बोटानं वाजवून बघितली आणि परण्याचा ठेका धरला. पाखरीची धडपड थांबली. शिकवलं होतं तसं. हलगी सुरू झाली की बार होईस्तोवर हलायचं नाही. छबुबाईनं तिची मान मांडीवर घेतली, आयाळीत बोटं घातली आणि डोळे मिटले. सरस्वतीबाई मागून आली, वाकली. सलोत्र्यानं बोटानं जागा दाखवली.

बार झाला. बारानंतर पाखरी चालू लागली नाही.

म्हाळू मात्र आणखी थोडा वेळ वाजवत राहिला. तो ठेका मारुतीच्या देवळाशी संपायचा. मधेच कुठं सोडायचा हे त्याला माहीत नव्हतं.

मेलेलं जनावर म्हाळूच्या घरच्यांनी गावाबाहेर ओढून न्यावं आणि कातडं त्यांनी घ्यावं, ही वहिवाट. तो त्यांचा हक्क. छबुबाई म्हणाली, "म्हाळू, हक्क तुझा हाय. पर मला ती अख्खी पुरायचीय, माझ्या रानात."

"छबुमाय, तिच्या म्होरं मी इतकी वरसं वाजीवलं," म्हाळू म्हणाला. "जोडीदाराचं कातडं कुणी काढतं का?"

ज्यांना बंदूक उचलवली नव्हती त्यांनी कुदळी फार जोरात उचलल्या. ओढ्याकडच्या पट्टीत एवढा खड्डा झाला की घोडी, नवरदेव आणि मागं बसलेली करवली सगळी मावली असती. घराघरातून मीठ आलं. लिंबाचा पाला आला. डोकं कुठं करायचं यावर थोडं वाजलं. माणसासारखं दक्षिणेला, असं काहींचं म्हणणं. मुंजाजी म्हणाला, मारुतीकडं करा, तिला दुसरीकडची वाट कुठं ठावी हाय. तसं केलं. आश्रुबानं सगळ्यांत शेवटी माती लोटली आणि तो कुणाशी न बोलता घरी गेला.

माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणून घास खायला लावतात. घोडीसाठी हे लागू आहे की नाही, यावर चावडीवर चर्चा सुरू झाली. ती संपायच्या आत सरस्वतीबाई टोपली घेऊन छबुबाईच्या दारात आली होती. दोघी उंबऱ्याशी बसल्या.

"म्या डोळे मिटले होते," छबुबाई म्हणाली. "तुमी बघितलं. तिला कळलं का?"

"न्हाई."

"पाय झाडला?"

"न्हाई, छबुबाई. नुसती मान जड झाली तुमच्या मांडीवर. तुमालाच कळलं असंल."

छबुबाईनं थोडा वेळ मांडीवरचं लुगडं हातानं साफ केलं. मग भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि घास खाल्ला.

"मीठ न्हाई ह्यात."

"कुठून असंल? घरातलं समदं बाप्यांनी खड्ड्यात नेऊन वतलं."

दोघींनी मग तसंच अळणी, सगळं संपवलं.