लालबागच्या उंबरावर चुकलेला नेम

झाडावर दोर कसा टाकावा, याबद्दल मी या ब्लॉगवर आजवर पुष्कळ शहाणपण पाजळलं आहे. त्यातलं निम्मं मी लालबागला जाऊन विसरले. हे लिहायला तीन आठवडे लागले, कारण लिहायची लाज वाटत होती. अजूनही वाटते आहे.

झालं असं, की माझी कॉलेजातली मैत्रीण स्वाती हिचा फोन आला. "चाळीतल्या उंबराची मोठी फांदी वाळलीये गं, थेट कौलांवर आलीये. पालिकेची परवानगी आलीये, पण आमच्या गल्लीत शिडीची गाडी शिरत नाही. तू येशील?" मी नाशिकला जीवशास्त्र शिकवते आणि सहा वर्षं दोरानं झाडं चढते. कुणी बोलवायचा अवकाश, मी निघालेच.

शनिवारी सकाळच्या एसटीनं दादर गाठलं. सोबत माझी लाडकी गलोल. आठ फुटी दांडा, वर लोखंडी दुबेळकं, त्याला जाड रबर. तिनं छर्रे भरलेली छोटी पिशवी उडवायची. पिशवीला बारीक दोरी असते, ती फांदीवरून पलीकडे उतरली की तिच्या मागून चढायचा जाड दोर ओढून घ्यायचा. दांड्याचे दोन तुकडे करून चादरीत गुंडाळले होते, तरी कंडक्टरनं विचारलंच.

"मॅडम, तंबू कुठं ठोकताय?"

"गलोल आहे."

"एवढी? कैऱ्या पाडणार की हेलिकॉप्टर?"

असं सामान घेऊन जाणार असाल तर दादरला टॅक्सी सोडून देऊ नका, दुसरी लवकर थांबत नाही. मी आधी थालीपीठ खाल्लं आणि मग अर्धा तास हात वर करून उभी राहिले. शेवटी एकानं दांडा खिडकीतून बाहेर काढून नेलं.

स्वाती आता करी रोडच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहते. तिच्या खिडकीतून माहेरची चाळ दिसते. कौलं, आणि मधोमध उंबराचा हिरवा ढीग. चहा पिता पिता मी तिला तिथूनच नेम कसा धरतात ते समजावलं. डावं-उजवं हातानं साधायचं नाही, पायांनी साधायचं. म्हणजे दांडा तिरका करायचा नाही, आपण सरकून फांद्यांच्या नेमक्या बेचक्यासमोर उभं राहायचं. पहिले दोन फटके रबर अर्धंच ओढून मारायचे, उंचीचा अंदाज घ्यायला. आणि सगळ्यात आधी झाडाच्या मागे काय आहे ते बघायचं, कारण चुकलेली पिशवी तिथंच जाणार. वरून सगळं फार सोपं दिसत होतं.

रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. गॅलरीतही गर्दी. मोबाइल वर झालेले. स्वातीचे वडील, तात्या, ऐंशीच्या पुढचे. गिरणीत मागावर आयुष्य गेलं, आणि चाळीत काही शुभ-अशुभ असलं की देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. उंबराला हात लावायचा तर गाऱ्हाणं हवंच. त्यांनी बुंध्याशी नारळ ठेवला, टोपी सरळ केली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाक हात लावतंव, तो हौसेन नाय, गरजेन लावतंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"जी कोण वर चढतली, तिका सुखरूप खाली हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला सुखरूप खाली आण, असं देवाला कुणी इतक्या मोठ्यानं सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच मनात आलं, आता पहिल्याच फटक्यात जमलं तर काय शोभून दिसेल! झालं तर मग. अर्ध्या ओढीचे फटके मी मारलेच नाहीत. नेमकं बेचक्यासमोर कुणाची तरी स्कूटर होती, ती हलवा म्हणायचा कंटाळा केला आणि बाजूला उभी राहून दांडाच तिरका केला. झाडामागची गॅलरी रिकामी करा, एवढंही म्हटलं नाही. रबर पार जमिनीपर्यंत ओढलं आणि सोडलं.

पिशवी बेचक्यावरून हातभर उंच गेली आणि मागच्या कौलांवर आदळली. कौल फुटल्याचा आवाज आला, मग एक किंकाळी. त्या कौलांखालच्या गॅलरीत चाळीतल्या शेवंताकाकू सुपात कुळीथ निवडत बसल्या होत्या. खापरी त्यांच्या हातावर पडली. कुळीथ सगळीकडे, त्यावर रक्त. त्यांना दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. डोकं वीतभर अंतरावर होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "एकदम वारा आला हो."

वारा नव्हता. उंबराचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तात्या मात्र मटकन पायरीवर बसले. टोपी काढून हातात घेतली. "राखणदाराचा नाव घेवचा ऱ्हवला माझ्याकडसून," ते म्हणाले. राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव. "पयल्यांदाच ऱ्हवला. तेचोच वारो तो."

कुणीतरी म्हणालं, "वय झाला आता तात्यांचा." त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी खाली बसून दोरी गुंडाळत राहिले.

मग स्कूटर हलवली, गॅलरी रिकामी केली, अर्ध्या ओढीचा एक फटका मारला. दुसऱ्याला पिशवी बरोबर बेचक्यातून उतरली. मी चढले, फांदी तुकड्या-तुकड्यानं दोराला बांधून खाली सोडली. टाळ्या पडल्या. फोटो काढले. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी होती. काकू हाताला पट्टी बांधून पंगतीत आल्या आणि मलाच म्हणाल्या, "तू जेव गो, दमलंस." तात्या जेवायला आले नाहीत.

संध्याकाळी स्वातीनं गिरगाव दाखवायला नेलं. खाडिलकर रस्त्यावरून चालत चौपाटीपर्यंत. तुम्ही जरूर जा, जुन्या चाळींचे लाकडी कठडे बघण्यासारखे आहेत. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. प्रत्येक गॅलरीत मला कुणीतरी सूप घेऊन बसलेलं दिसत होतं.

घरी आल्यावर फोटो टाकले, शाबासक्या गोळा केल्या. मागच्या आठवड्यात स्वातीचा चाळीतून फोन आला. शेजारच्या घरातल्या पूजेला तात्यांनी गाऱ्हाणं घालायला नकार दिला. आता आठवत नाही, म्हणाले. "दिवसभर ओठातल्या ओठात नावं घोकत बसतात गं," स्वाती म्हणाली. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, फोन तात्यांना दे.

"तात्या, त्या दिवशी वारा नव्हता. मी खोटं बोलले. नेम माझा चुकला, आणि चुकला कारण मला मिरवायचं होतं."

"वारो नव्हतो?"

"नव्हता."

"म्हणजे माझा गाराणा पुरा होता?"

"पुरं होतं, तात्या. मी खाली सुखरूप उतरले ना."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग आवाज एकदम अंगणातला झाला. "मी देवाकडे तुका सुखरूप खाली हाड इतक्याच मागलंय. नेम लागांदे म्हणान मागूक नाय. ता तुझा काम होता."

"हो, तात्या."

"आणि शेवंताक तू सांग. हय येवन. माझ्या तोंडान नको."

शनिवारी सकाळची एसटी आहे. गलोल घरीच ठेवते आहे. काकूंसमोर पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी चार दिवस घोकते आहे आणि अजून ते मला नीट म्हणता येत नाही.