मडक्याखालचा डोमाजी

आमच्या तलावावर बदकं धरणारा डोमाजी हा शेवटचा माणूस. बंदूक नाही, जाळं नाही. आठ दिवस पाण्यात रिकामी मडकी सोडून द्यायची. बदकांना त्यांची सवय झाली, की डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं एक मडकं डोक्यावर घ्यायचं आणि मानेपर्यंतच्या पाण्यात सरकत जायचं. डाव्या हाताने पाय धरून बदक खाली ओढायचं, उजव्याने पाण्यातच मान मुरगाळायची. शेजारच्या बदकाला पत्ताही लागत नाही. पंधरा वर्षांपूर्वी केस झाली आणि डोमाजीने धंदा सोडला. 'बदकमाऱ्या' हे नाव मात्र गावाने सोडलं नाही. ते त्याला फार लागायचं.

यंदा फेब्रुवारी सरता सरता, पक्षी कुठून कुठे जातात ते कळावं म्हणून त्यांच्या पायात नंबराची कडी घालणारे लोक सरकारी परवानगी घेऊन आले. बदकं चरून जड झालेली आणि हंगामभर सगळं बघून शहाणी झालेली. जाळ्यात एक येईना. होळीपर्यंत ती उत्तरेला निघून जाणार. शेवटी वनरक्षक कपिल डोमाजीच्या दारात गेला.

"जितं आणून देतो," डोमाजी चारचौघांत म्हणाला. "मंग तरी मले बदकमाऱ्या म्हणनं सोडसान ना?"

आठ दिवस मडकी तरंगली. नवव्या सकाळी तो पाण्यात शिरला आणि अर्ध्या तासाने बदक घेऊन वर आला. बदकाची मान लोंबत होती. काठावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला त्याचा राग आला, पण खरं सांगायचं तर हसू मलाही आलं होतं.

"म्या नाही मारलं," डोमाजी म्हणाला. "हातानं मारलं. मले समजलंच नाही."

"काका, आनखी एक मेलं तर साहेब काम बंद करतीन," कपिल म्हणाला.

दुसऱ्या सकाळी डोमाजीने खांद्यावरचा दुपट्टा कपिलच्या हाती दिला आणि उजवा हात पाठीमागे धरला.

"बांध. घट्ट बांध."

"अन् तुमी बुडले तर?"

"पानी उतरलं आता. चालत जातो, पोयत नाही."

या खेपेला तासभर लागला. तो वर आला तेव्हा डाव्या हातातलं बदक त्याच्या तोंडावर पंख आपटत होतं. कडी घालून झाल्यावर डोमाजीनेच ते सोडलं. बदकाने तलावावर एक फेरी मारली. कपिल दुपट्ट्याची गाठ सोडायला पुढे झाला.

"राहू दे," डोमाजी मागे सरत म्हणाला. "ते नजरेआड होऊ दे पहिले."